बाई, ती ओळ मी काढली

बाई, तुमच्या शोकसभेत मी बोललो नाही. दादरच्या त्या लहानशा सभागृहात ग्रंथालयातले तुमचे जुने वाचक होते, ठाकूरद्वारचे शेजारी होते, तुमचा भाचा श्रीधर होता. माझं नाव पुकारलं, मी उठून माइकपर्यंत गेलो, तुमच्या फोटोकडे एकदा बघितलं आणि परत जागेवर येऊन बसलो. सगळ्यांना वाटलं, रवीला भरून आलं. शेजारच्या गृहस्थांनी पाठीवर हात ठेवला, कोणीतरी पाण्याची बाटली पुढे केली आणि मी ते पाणी प्यायलोसुद्धा. भरून वगैरे काही आलं नव्हतं, बाई. लाज वाटत होती, आणि माइकसमोर उभं राहून ती सांगायची माझी छाती झाली नाही.

तिथे जे बोलायला हवं होतं ते इथे लिहितो, इंटरनेटवरच्या आपल्या पुस्तक-सूचीच्याच पानावर. तुम्ही म्हणाला असतात, "रवींद्र, पाल्हाळ पुरे, मुद्द्यावर ये." रागावलात की पूर्ण नाव घ्यायचात. येतो मुद्द्यावर. पण जरा लांबून येतो.

आपली ओळखच मुळी हाकलण्यातून झाली. मी अकरावीत होतो. लालबागच्या एका खोलीत आम्ही सात जण, म्हणून अभ्यासाला गिरगावात तुमच्या ग्रंथालयात येऊन बसायचो. एकदा बोटाला थुंकी लावून पान उलटलं, तर तुम्ही काउंटरवरून उठून आलात, पुस्तक काढून घेतलंत आणि म्हणालात, "ऊठ. बाहेर हो." तेही चार मुलींसमोर. पुन्हा इथे पाऊल ठेवायचं नाही असं ठरवून मी घरी गेलो आणि दुसऱ्या दिवशी पाऊल ठेवलं, कारण घरात बसायला जागाच नव्हती. तुम्ही मान वर न करता विचारलंत, "हात धुतलेस?" मी हो म्हटलं. "मग बस." पुस्तक तुम्ही बाजूला काढून ठेवलं होतं आणि मी होतो त्या पानावर खूण घातली होती. तुमची माया ही अशी, पटकन दिसायची नाही. मला ती हळूहळू कळत गेली आणि त्यातली एक तर तुम्ही गेल्यानंतर कळली.

निवृत्त झालात तेव्हा तुमच्या घरी चपलांचे खोके होते, कपाटावर छतापर्यंत रचलेले. आत चपला नव्हत्या, कार्डं होती. मुंबईवर मराठीत लिहिलेली जुनी पुस्तकं: गिरणीतल्या माणसांच्या आठवणी, देवळांचे आणि वाड्यांचे इतिहास, गोदीतल्या कामगारांनी स्वतःच्या खर्चाने छापून घेतलेल्या चोपड्या. मी परळला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो. मी म्हटलं, बाई, हे इंटरनेटवर टाकू, कोणालाही फुकट बघता येईल. तुम्ही विचारलंत, "फुकट म्हणजे कायमचं फुकट ना?" मी म्हटलं, कायमचं. पुढे सूचीचा रीतसर ट्रस्ट झाला, नफा न कमावणारा. पण काम करणारी माणसं दोनच. कार्डं तुमची, कॉम्प्युटर माझा.

नियम एकच होता. पुस्तक हातात घेतल्याशिवाय नोंद नाही. कोणाच्या यादीवरून उतरवायचं नाही, ऐकीव लिहायचं नाही. पुस्तक मिळवायचं, पानं मोजायची, नवी आवृत्ती असेल तर जुनीशी ताडून बघायची, काय गळलंय आणि काय वाढलंय ते लिहायचं. शेवटी 'कुठे वाचाल' अशी एक ओळ. अमुक ग्रंथालय, अमुक कपाट, दुपारी बंद असतं, जिन्यात अंधार आहे, सांभाळून चढा. आणि त्याखाली तुमची आद्याक्षरं, मो. गो. ती तुमची सही होती. ती दिसली की लोक विश्वास ठेवायचे.

कॉटन ग्रीनची ती दुपार आठवते? एका बंद पडलेल्या युनियन ऑफिसात एका चोपडीची शिल्लक राहिलेली एकुलती एक प्रत आहे, असं तुम्हाला कळलं होतं. चावी शेजारच्या गोदामाच्या रखवालदाराकडे. आत इतकी धूळ, की तुम्ही पदर नाकाला लावून पानं मोजत होता आणि मध्येच शिंक आली की पुन्हा पहिल्यापासून. तो रखवालदार बराच वेळ दारात उभा राहून बघत होता. शेवटी त्याने मला हळूच विचारलं, "साहेब, मॅडम सीआयडीमधून आल्यात का?" तुम्ही ऐकलंत. म्हणालात, "हो. आणि हा माझा आरोपी." टॅक्सीत बसेपर्यंत आपण हसत होतो. आता त्या वाक्यावर मला हसू येत नाही.

मग ते बटण आलं.

जे वाचतायत त्यांना सांगायला हवं. पुस्तकं विकणारी मोठी ऑनलाइन दुकानं अशी सोय देतात, की तुमच्या पानावर 'विकत घ्या' असं बटण लावा, त्यावरून वाचक दुकानात गेला आणि त्याने पुस्तक घेतलं की तुम्हाला थोडा टक्का मिळतो. वाचकाला एक पैसा जास्त पडत नाही. जगभरातल्या कित्येक धर्मादाय, सेवाभावी वेबसाइटी हे करतात. मी मोठ्या उत्साहाने तुमच्या गॅलरीत बसून हे समजावलं. तुम्ही शेंगा सोलत होता. ऐकून घेतलंत आणि एका शब्दात निकाल दिलात. "दलाली."

मी चिडलो. म्हटलं, दलाली काय बाई, पुस्तकंच विकतायत ना, दारू तर नाही. तुम्ही म्हणालात, "डॉक्टरने लिहून दिलेलं औषध बरोबरच असेल रे. पण खालच्या केमिस्टकडून डॉक्टरला काही मिळतं हे एकदा कळलं, की पेशंट औषधाकडे बघत नाही, डॉक्टरकडे बघतो." मी म्हटलं, मग पेशंटला आधीच सांगून टाकू. तुम्ही म्हणालात, "पेशंटला सांगशील. डॉक्टरला कोण सांगणार? लिहिताना त्याचा हात कुठे वळेल, हे त्याला तरी कळतं का?" त्या दिवशी मला हे वाक्य पुस्तकी वाटलं. नाकाने कांदे सोलताय, असं मी मनात म्हणालो. मनात म्हणालो एवढंच काय ते पुण्य.

भांडण महिनाभर चाललं. शेवटी मी ते वाक्य टाकलं, जे टाकायला नको होतं. "तुमच्या पेन्शनवर ही साइट किती दिवस चालवणार? आणि तुमच्यानंतर?" सर्व्हरचा खर्च तुम्ही भरत होता, मला कधी हात लावू दिला नव्हतात.  सोललेल्या शेंगा उचलून आत गेलात. बाहेर आलात ते तीन अटी घेऊन. टक्का मिळतो हे बटणाच्या वर, ठळक, साध्या मराठीत लिहायचं. 'कुठे वाचाल' ही ओळ बटणाच्या आधी यायला हवी, म्हणजे ज्याला विकत घेणं जमत नाही त्याला आधी ग्रंथालय दिसेल. आणि बटणासाठी नोंदीतल्या एकाही शब्दाला हात लावायचा नाही. मी तिन्हींना हो म्हटलं. त्या क्षणी मी खरंच हो म्हणत होतो, बाई. एवढं तरी माझ्या बाजूने मांडू द्या.

पहिली अट मोडली ती दिसण्यासाठी. बटणाच्या वर ते वाक्य बरं दिसत नव्हतं, म्हणून ते पानाच्या तळाशी नेलं, बारीक अक्षरात, राखाडी रंगात. दुसरी मोडली ती मोबाइलसाठी. छोट्या स्क्रीनवर जागा पुरत नाही, म्हणून 'कुठे वाचाल' हे 'अधिक माहिती'च्या आत गेलं. दोन्ही वेळा माझ्याकडे कारण तयार होतं आणि दोन्ही वेळा ते तुम्हाला सांगितलं नाही, यावरूनच कारणाची किंमत कळावी. तुम्हाला तेव्हा डोळ्यांचा त्रास सुरू झाला होता. पडद्याचा आजार, कडेचं दिसायचं, मधलं दिसेना. तुम्ही स्क्रीन बघणं सोडलं होतंत. मला ते सोयीचं पडलं. हो, सोयीचं पडलं हेच खरं.

तिसरी अट एका पुस्तकापायी मोडली. लालबागला खानावळ चालवणाऱ्या एका बाईंच्या आठवणी. जुनं पुस्तक, फार कमी प्रती उरलेल्या, आणि मग अचानक एका प्रकाशकाने नवी आवृत्ती काढली. तुम्ही नेहमीप्रमाणे दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून ताडून बघितल्यात. तुम्ही डोळ्यांनी केलेली ती शेवटची नोंद असेल. तिच्यात लिहिलंत: 'नवी आवृत्ती घेऊ नये. तिच्यात तेरावं आणि चौदावं प्रकरण गाळलं आहे, आणि गाळल्याचा उल्लेखही केलेला नाही.'

त्या सुमारास कोणीतरी आपल्या सूचीबद्दल कुठेतरी लिहिलं आणि ही नोंद बघायला लोकांची रीघ लागली. बघायचे आणि निघून जायचे. जाणारच. वर लिहिलंय 'घेऊ नये' आणि खाली बटण आहे 'विकत घ्या'. मला ते विसंगत वाटलं. विसंगती घालवायला मी बटण काढायला हवं होतं. मी ओळ काढली. तिच्या जागी लिहिलं: 'वाचनीय आठवणी. नवी आवृत्ती आता उपलब्ध.' आणि खाली मो. गो. तसंच राहू दिलं.

पैशाचा लोभ होता असं म्हटलं तर मी त्यातल्या त्यात बरा दिसेन. ते पैसे सूचीलाच जात होते, माझ्या खिशात एकही आला नाही. मला हवं होतं वेगळंच. ट्रस्टच्या बैठकीत मी बटणाच्या कमाईचा आलेख दाखवायचो, रेघ वर गेलेली असायची आणि मंडळी म्हणायची, रवी, कमाल केलीस. ऑफिसात मला इतक्या वर्षांत कोणी कमाल केलीस म्हटलं नव्हतं. एवढ्यासाठी केलं, बाई. पन्नाशीच्या माणसाने.

आणि तुम्ही दर रविवारी फोन करायचात. दुपारी बाराच्या सुमारास. मी पान उघडून नोंदी वाचून दाखवायच्या, तुम्ही चुका सांगायच्या. "इथे 'बहुधा' घाल. खात्री नाही आपल्याला." "हा पत्ता जुना, तिथे आता टॉवर आहे." डोळे गेले होते, पण एकेक कार्ड डोक्यात जसंच्या तसं होतं. खानावळवाल्या बाईंची नोंद मी त्यातून शिताफीने गाळत असे.

श्रावणातल्या एका रविवारी तुम्ही म्हणालात, "आज नवीन काही नको. ती खानावळवाल्या बाईंची वाच."

मी विचारलं, "तीच का?"

"सहज. बरेच दिवसांत ऐकली नाही."

पान माझ्यासमोर उघडं होतं आणि त्यावर ती ओळ नव्हती. मी दुसरी फाइल उघडली, तुमचा मूळ मजकूर असलेली, आणि त्यातून वाचलं. 'नवी आवृत्ती घेऊ नये.' स्पष्ट वाचलं, जरा जास्तच ठासून.  तुम्ही विचारलंत, "पानावर असंच आहे?"

"हो बाई. असंच आहे."

 मागे कुकरची शिट्टी झालेली ऐकू आली. मग म्हणालात, "बरं. जेवलास?"

मी नाही म्हटलं. "जेव मग," म्हणालात आणि फोन ठेवलात. आणि मी खरंच जाऊन जेवलो.

त्यानंतर ती नोंद तुम्ही पुन्हा कधी मागितली नाहीत. रविवार चालू राहिले. मला वाटलं, निभावलं.

तुम्ही गेलात, त्याच्या चौथ्या दिवशी ठाकूरद्वारला तुमच्या घरी मी बसलो होतो. लोक येत होते, जात होते. एक पस्तिशीची मुलगी आली, श्रीधरशी दोन शब्द बोलली आणि माझ्यासमोर येऊन बसली. अश्विनी पेडणेकर. लालबागची, परळच्या एका लॅबमध्ये काम करते. म्हणाली, "तुम्ही रवी सर ना? बाई तुमचं नाव घ्यायच्या. सूचीवाले." मी मान हलवली. मग तिने जे सांगितलं ते मी इथे जसंच्या तसं लिहितो. माझी शिक्षा तीच आहे.

तिची आजी, आईची आई, द्वारकाबाई. गिरणीत सुताच्या कांड्या भरण्याच्या खात्यात होती. तिथला एक मुकादम नव्या पोरींना त्रास द्यायचा. द्वारकाबाईने एके दिवशी गेटवर, सगळ्यांसमोर त्याला चपलेने हाणलं. मग घाबरून त्या खानावळीत जाऊन लपली, आणि खानावळवाल्या बाईंनी तांदळाच्या पोत्यांमागे तिला दोन दिवस ठेवून घेतलं. हे सगळं, नावानिशी, त्या पुस्तकात आहे. चौदाव्या प्रकरणात. अश्विनीच्या आईने, सुलोचनाबाईंनी, पुस्तक कधी बघितलं नव्हतं, पण जन्मभर घरात सांगितलं: माझी आई पुस्तकात आहे. मुलांना सांगितलं, सुनेला सांगितलं, जावयाला सांगितलं.

अश्विनीने आईच्या वाढदिवसाला पुस्तक घ्यायचं ठरवलं. आपल्या पानावर आली. "तुमच्या साइटवर चांगलं लिहिलं होतं ना, म्हणून बिनधास्त घेतलं," ती मला म्हणाली. बटण दाबलं, पुस्तक घरी आलं. दोन दिवस बसून तिने आईला पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचून दाखवलं. द्वारकाबाई कुठेही नव्हती.

"आईने विचारलं, संपलं? मी म्हटलं, संपलं. ती म्हणाली, परत बघ. मी परत बघितलं, सर. दादा हसला. म्हणाला, आये, जाऊ दे गो, प्रत्येकाच्या घरात असते अशी एक स्टोरी. तो काय वाईट नाही, मस्करी केली. पण आई गप्पच झाली. आठ महिने ती आजीबद्दल बोलली नाही. मला एकदा म्हणाली, माझ्या डोक्याचा काय भरवसा, मीच रचलं असणार."

आठ महिन्यांनी अश्विनीला राहवेना. पानावर फोन नंबर होता, तुमच्या घरचा. तिने विचारलं, ह्या बाईंचं दुसरं एखादं पुस्तक आहे का, ज्यात गिरणीतली द्वारकाबाई... तुम्ही तिला वाक्य पुरं करू दिलं नाहीत. "चौदावं प्रकरण. नव्या आवृत्तीत नाही ते. आमच्या नोंदीत लिहिलंय की." ती म्हणाली, नाही हो बाई, असं काहीच लिहिलेलं नाही. तुम्ही तिला पान वाचून दाखवायला सांगितलंत. तिने वाचलं. शेवटी विचारलंत, "खाली कोणाची अक्षरं आहेत?"

आठवड्याच्या आत तुम्ही जुन्या प्रतीतल्या त्या दोन प्रकरणांच्या झेरॉक्स घेऊन, श्रीधरला टॅक्सीत बसवून ठेवून, लालबागच्या चाळीचे तीन जिने एकट्या चढून गेलात. भिंतीला हात लावत. "बाई म्हणाल्या, नोंद माझी, खाली अक्षरं माझी, चूक माझी. आईचे हात धरून माफी मागितली त्यांनी," अश्विनी म्हणाली. "एवढ्या मोठ्या बाई. आम्हालाच कसंतरी झालं."

मी विचारलं, "हे कधी झालं?"

"आषाढात. आषाढी एकादशीच्या आसपास."

आषाढ. म्हणजे त्या श्रावणातल्या रविवारी, बाई, तुम्हाला सगळं माहीत होतं.

मी अश्विनीला त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण मूग गिळून बसलो. ती म्हणाली, "सर, साइट बंद नका करू हं." मी म्हटलं, नाही करणार.

तेव्हापासून मी तो फोन किती वेळा ऐकला असेल मनातल्या मनात. 'सहज' म्हणालात. 'पानावर असंच आहे?' म्हणून विचारलंत. दोनदा दार उघडं ठेवलंत आणि मी दोन्ही वेळा ते आतून लावून घेतलं. तुम्ही सापळा लावला नव्हता, हे मला माहीत आहे, तुमचा तो स्वभाव नाही. मी स्वतः सांगावं एवढंच तुम्हाला हवं होतं. आणि मी खोटं बोललो ते एका अंध होत चाललेल्या बाईशी, तिचाच मजकूर तिला वाचून दाखवत.

मला तुमचा रागही येतो, हे लपवत नाही. पानाला थुंकी लावली तर भर ग्रंथालयात हाकललंत, आणि इथे 'बरं, जेवलास?' का हो? एकदा 'रवींद्र' म्हणून कडाडायला काय झालं होतं? मी रडलो असतो, कारणं दिली असती, शेवटी पाय धरले असते. त्यानंतरही तीन-चार महिने होते आपल्याकडे. मग वाटतं, हे काय चाललंय माझं, गुन्हा मी केला आणि जाब विचारला नाही म्हणून तुमच्यावर रुसलोय. त्या तीन-चार महिन्यांत मी ती ओळ पानावर परत तरी घालायची होती. तीही घातली नाही. घातली असती तर काढली होती हे स्वतःशी कबूल करावं लागलं असतं.

आता घातली आहे. बटणं सगळी काढली आहेत. त्या नोंदीखाली लिहिलं आहे की ही ओळ मधल्या काळात का नव्हती आणि कोणामुळे नव्हती, माझ्या पूर्ण नावासकट. आणखी सव्वीस नोंदींत मी असेच लहानमोठे शब्द हलवले होते, 'सदोष'चं 'संक्षिप्त', 'टाळावी'चं 'चालेल'. त्याही तुमच्या कार्डांवरून पूर्ववत केल्या. चपलांचे खोके श्रीधरने माझ्याकडे दिले. "मावशी म्हणाली होती, रवीलाच द्यायचे," एवढं बोलून तो टॅक्सीत चढवायला लागला. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

पण आपलं भांडण संपलं असं समजू नका. मी अजून म्हणतो, की मी तुमच्या तीन अटी पाळल्या असत्या तर ते बटण निरुपद्रवी राहिलं असतं. तुम्ही म्हणाल, पाळल्या गेल्या नाहीत हाच त्या बटणाचा गुण. म्हणजे काय बाई, चाकू वाईट की हात? आणि सर्व्हरचा खर्च? सध्या तो मी भरतोय आणि माझ्यानंतर कोण, हा प्रश्न जिथल्या तिथे आहे. तुम्ही त्याचं उत्तर कधी दिलं नाहीत, नुसत्या शेंगा घेऊन आत गेलात. मी खोटं बोललो म्हणून माझा मुद्दाही खोटा ठरतो का? तुमच्याशी वाद घालायला माझ्याकडे दुसरं माणूस नाही. ट्रस्टची मंडळी म्हणतात, एवढं काय रवी, एक ओळ तर होती.

गेल्या रविवारी दुपारी मी लालबागला गेलो. सुलोचनाबाईंना सांगायला. शोकसभेत जमलं नाही, निदान तिथे तरी जमावं.

अश्विनीने दार उघडलं. सुलोचनाबाई खाटेवर बसून मिरच्यांची देठं काढत होत्या, मसाला करायचा होता. मला बघून त्यांनी सूप बाजूला केलं. "बस रे बाबा. तू बाईंचा ना? बाईंसारखी बाई होणा नाय." मी बसलो आणि थांबलो तर पुन्हा गिळून टाकीन या भीतीने लगेच बोलून टाकलं. ओळ बाईंनी लिहिली होती. मी काढली.

त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. "काढलंस म्हणजे?"

"दुकानाकडून आम्हाला कमिशन मिळायचं, काकी. 'घेऊ नका' असं लिहिलं तर कोण घेणार? म्हणून मी ते वाक्य पुसलं. बाईंना माहीतच नव्हतं. त्यांना दिसत नव्हतं तेव्हा."

"मगे त्येंच्याकडून ऱ्हवला नाय?"

"नाही. त्यांची काही चूक नव्हती."

अश्विनी स्वयंपाकाच्या ओट्याशी होती, ती तिथेच थांबली. मी शिव्यांची वाट बघत होतो. खरं सांगतो, बाई, मला त्या हव्या होत्या. तुम्ही दिल्या नाहीत त्या तरी कोणीतरी द्याव्यात, म्हणजे मोकळा होऊन तीन जिने उतरीन, असा माझा हिशेब होता. म्हातारी माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती. हातातल्या मिरचीकडे बघत होती.

"अश्विनी तेव्हा कामावर होती," त्या म्हणाल्या. "तिका ठावक नाय. ती इली तेव्हा बाई हात धरून बसलेल्या, तेवढाच तिने बघितल्यान. त्येच्या आधी मी बाईंका दारात उभ्या ठेवलंय. पाणी पण इचारूक नाय. तीन जिने चढून दम लागलेलो त्येंका. मी म्हटलंय, तुमची शिकल्यासवरल्यांची एक ओळ, आणि मी माझ्या पोरांत खोटारडी झालंय. आठ महिने मी माझ्या आयेवर संशय घेतलंय. आणि... आणि मी म्हटलंय, तुमचे डोळे गेले ता बरा झाला. देवान बघून केल्यान."

अश्विनी म्हणाली, "आई!"

"म्हटलंय गो. रागात म्हटलंय." त्यांनी हातातल्या मिरचीचं देठ मोडलं. "बाई काय बोलल्या माहीत हा? बोलल्या, होय, बरोबर हा तुमचा. एवढाच बोलल्या."

 मिरच्यांच्या तिखट वासाने मला खोकला येत होता आणि खोकायचीही लाज वाटत होती. मी म्हटलं, "काकी, चूक माझी आहे. तुम्ही मला बोला."

त्यांनी मान हलवली. तिखटाचे हात होते, म्हणून डोळे पुसता येत नव्हते, तशाच वाहत्या डोळ्यांनी त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

"तुका बोलान काय होतला रे," त्या म्हणाल्या. "बाईंका बोललंय, ता कसा फिरवू?"